मोटार कोणाची आणि माणूस कोण?

(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात जुना म्हणावा असा एकच फोटो आहे. देव्हाऱ्याच्या वर, खिळ्याला टांगलेला. काचेला एका कोपऱ्यातून चीर गेलेली, मागचा पुठ्ठा ओलीने फुगलेला. फोटोत एक उघडी मोटार आहे. तिच्या बाजूला खुर्च्यांवर कोट-फेटे घातलेले दोन गृहस्थ बसले आहेत. आत चक्राजवळ टोपीवाला एक माणूस ताठ बसला आहे. मोटारीच्या तोंडावर झेंडूची भलीमोठी माळ आहे. आणि अगदी कडेला, मोटारीच्या नाकाशी, धोतर-बंडीतला एक विशीतला तरुण अंग चोरून उभा आहे. त्याचा एक हात खाली कशावर तरी टेकलेला आहे. हा तरुण म्हणजे माझे पणजोबा.

या फोटोची कथा मी लहानपणापासून ऐकत आले. लग्नकार्यात पाहुणे घरी आले की फोटो खाली काढायचा, पदराने काच पुसायची आणि सांगायचे, "आमच्या म्हाताऱ्यानं शाहू महाराजांची रोल्स-राइस चालवली." पाहुणे "हो का!" म्हणत आणि फोटो पुन्हा खिळ्यावर जाई. माझे वडील साखर कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात. "डायवरकी आमच्या रक्तात हाय" असे ते म्हणतात ते याच फोटोच्या आधारावर. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. सातबारा सोडला तर घराण्याचा म्हणून दाखवावा असा दुसरा कागद आमच्याकडे नाही. त्यामुळे तो फोटो म्हणजे आमची बखर होती.

मागच्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितले, की प्रत्येकाने घरातली पन्नास वर्षांहून जुनी एक वस्तू किंवा तिचे चित्र आणावे. कोणी पितळी अडकित्ता आणला, कोणी खापरपणजीची गोधडी. मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून नेला आणि अभिमानाने कथा सांगितली. सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि एकच शब्द विचारला, "कशावरून?"

मला उत्तर देता आले नाही. त्या एका शब्दाने पुढचे चार महिने माझी झोप घालवली. हा लेख त्या शब्दाच्या पाठीमागे लागून मी जे शिकले त्याविषयी आहे आणि त्यातून माझे जे मत बनले त्याविषयीही.

जुन्या फोटोतली मोटार ओळखणे हे मला प्रथम हौशी श्रीमंतांचे काम वाटले. पण थोडे खोलात गेल्यावर कळले, की ते आपल्या आयाबायांच्या कामासारखेच आहे. धान्य निवडताना नजर जशी खड्यावर जाते, तशी ती खुणेवर जावी लागते. नाव शेवटी येते, खुणा आधी.

पहिली खूण मोटारीच्या तोंडाची, म्हणजे रेडिएटरची. त्या काळी प्रत्येक कंपनीने आपले तोंड वेगळे ठेवले होते. रोल्स-राइसचा रेडिएटर एखाद्या ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, सरळ उभ्या रेषांचा, माथ्यावर त्रिकोणी. १९११ पासून त्याच्या टोकावर पंख पसरल्यासारखी वस्त्रे उडणारी बाईची मूर्ती बसू लागली. फ्रान्सच्या रेनॉ मोटारीला तर पुढे रेडिएटर दिसतच नसे. तो इंजिनाच्या मागे बसवलेला असे आणि बॉनेट पुढे उतरत गेलेले असे. १९१४ च्या सप्टेंबरात पॅरिसहून मार्नच्या रणांगणाकडे सैनिक घेऊन गेलेल्या त्या प्रसिद्ध टॅक्स्या याच तोंडवळ्याच्या होत्या. अमेरिकेतल्या पियर्स-अ‍ॅरो मोटारीचे पुढचे दिवे १९१४ च्या सुमारापासून मडगार्डातच बसवलेले असत. एकदा पाहिले की विसरत नाही.

दुसरी खूण दिव्यांची. आरंभीच्या मोटारींना बाजूला रॉकेलचे कंदील आणि पुढे कार्बाइडच्या गॅसवर जळणारे पितळी दिवे असत. आपल्याकडे रात्रीच्या तमाशाला किंवा वरातीला कार्बाइडचे दिवे होते असे म्हातारी माणसे सांगतात, त्याच जातीचे. पायरीवर गॅसची टाकी दिसली की मोटार बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीची समजावी. १९१२ ते १९१५ या काळात विजेचे दिवे सर्रास येऊ लागले.

तिसरी खूण दारांची. १९१० च्या आधीच्या बहुतेक उघड्या मोटारींना चालकाच्या बाजूला दार नसेच. तो टांगेवाल्यासारखा उघड्यावर बसे. चौथी खूण टायरची. रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याची पद्धत रूढ होईपर्यंत टायर पांढुरके असत. त्यामुळे फोटोतले टायर फिकट दिसले तर मोटार सहसा १९२० च्या अलीकडची नसते. पाचवी खूण ब्रेकची. पुढच्या चाकांच्या मध्यभागी ब्रेकचा डबा दिसला तर मोटार बहुधा १९२३-२४ नंतरची. खुद्द रोल्स-राइसनेही पुढच्या चाकांना ब्रेक १९२४ मध्ये दिले. त्याआधी एवढ्या जड मोटारी केवळ मागच्या चाकांच्या ब्रेकवर थांबत.

या खुणांची मजा अशी, की त्या माणसापेक्षा प्रामाणिक असतात. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरले होते. त्यातल्या एका फोटोखाली सुबक अक्षरात १९१० असे साल घातले होते आणि फोटोतल्या मोटारीच्या पुढच्या चाकांत ब्रेकचे डबे स्पष्ट दिसत होते. म्हणजे साल निदान डझनभर वर्षांनी चुकले. मी ते संयोजकांना सांगितले, तेव्हा "एवढं कोण बघतंय?" असे उत्तर मिळाले. वाचकहो, माझा वाद आहे तो या वाक्याशी. आपण बघत नाही म्हणूनच तर कोणीही काहीही लिहून मोकळे होते.

आता आमच्या फोटोकडे येते.

मोटारीच्या तोंडावर झेंडूची माळ असल्यामुळे नाव झाकलेले होते. पण रेडिएटरची चौकट काळी होती, पितळी नव्हती. देवळासारखा त्रिकोणी माथा नव्हता, वरची मूर्तीही नव्हती. चाकांना जाड लाकडी आरे होते. पुढच्या चाकांत ब्रेकचे डबे नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या आसावर मोटारीच्या रुंदीइतका आडवा, कमानीसारखा एकच पाटा होता. इतर बहुतेक मोटारींना पुढे डावी-उजवीकडे लांबीच्या दिशेने दोन पाटे असतात. हा आडवा पाटा फोर्डच्या मॉडेल टी मोटारीची ओळख आहे. ग्रंथालयातल्या संगणकावर मी सालवार मॉडेल टीची चित्रे काढली आणि आमचा फोटो शेजारी ठेवून एकेक अवयव ताडून पाहिला. शंका उरली नाही.

तेव्हा रोल्स-राइस गेली. खरे तर साध्या हिशेबानेही ती आधीच जायला हवी होती. रोल्स-राइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ ही मोटार १९०६ ते १९२६ या वीस वर्षांत साऱ्या जगात मिळून आठ हजारांच्या आत तयार झाली. मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक तयार झाल्या. तिची किंमत आरंभी ८५० डॉलर होती, ती पुढे उतरत तीनशेच्या खाली आली. हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड मोटारी मुख्यतः कॅनडातल्या फोर्ड कंपनीच्या असत, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांची बाजारपेठ त्या कंपनीकडे होती. त्यांचे चक्र उजव्या बाजूला असे. पुढे १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेही आपल्या रस्त्यांवर वाढल्या. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या फोटोत मोटार दिसली, तर ती फोर्ड किंवा शेव्हरोले असण्याचा संभव किती आणि रोल्स-राइस असण्याचा किती, हे सांगायला गणिताचा पदवीधर नको. तरीही प्रत्येक घरातल्या फोटोत रोल्स-राइसच असते! माझ्या वर्गातल्या तिघांच्या घरी ती निघाली. एकीत तर ती चक्क जीप होती.

राहिले शाहू महाराज. मॉडेल टी एकोणीस वर्षे निघत राहिली तरी ती एकसारखी राहिली नाही. १९१६ च्या मध्यापर्यंत तिचा रेडिएटर पितळी होता, नंतर त्यावर काळी चौकट आली. १९२३ च्या मध्यापासून रेडिएटर अधिक उंच झाला आणि त्याच्याखाली पत्र्याची एक पट्टी आली. आमच्या फोटोतला रेडिएटर उंच आहे आणि खाली ती पट्टी आहे. राजर्षी शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. जी मोटार महाराजांच्या मृत्यूनंतर वर्षभराने कारखान्यातून निघू लागली, ती महाराजांची कशी असेल?

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मोटार आपल्याला "याआधी नाही" एवढेच सांगते. "यानंतर नाही" हे ती सांगत नाही. १९२४ ची मोटार १९४० मध्येही धावत असू शकते. आपल्याकडे तर वस्तू मोडेपर्यंत वापरतात आणि मोडल्यावर दुरुस्त करून आणखी वापरतात. दिवे बदलतात, टप बदलतो, मागचा भाग कापून मालाची गाडी करतात. म्हणून मोटारीवरून फोटोचे साल ठरवताना माणसांचे वयही धरावे लागते. माझे पणजोबा सरकारी कागदाप्रमाणे १९०५ चे आणि फोटोत ते विशीबाविशीचे दिसतात. तेव्हा फोटो १९२३ ते साधारण १९३० च्या दरम्यानचा. यापेक्षा नेमके मी सांगणार नाही, कारण "कशावरून?" या प्रश्नाला मजजवळ तेवढेच उत्तर आहे.

मोबाइललाही मी विचारून पाहिले होते. एकदा त्याने रोल्स-राइस सांगितली, दुसऱ्यांदा १९३० ची भलतीच मोटार. दोन्ही वेळा तेवढ्याच ठामपणे! नाव सांगितले, पण आडवा पाटा मात्र त्याने एकदाही दाखवला नाही. ज्या उत्तराला कारण जोडलेले नाही त्या उत्तराची आणि आमच्या घरच्या कथेची किंमत सारखीच, असे मला वाटते.

हे सारे मी दिवाळीच्या सुट्टीत घरी सांगितले. उत्साहाने सांगितले, हे माझे चुकले. वडील जेवत होते. मी म्हणाले, "फोटोत चक्राजवळ दुसराच माणूस बसलाय, दादा. पणजोबा तर पुढे उभे आहेत. ते ड्रायव्हर नव्हते."

वडिलांनी घास खाली ठेवला. "म्हंजे आमचा आजा किन्नर हुता म्हण की," ते म्हणाले. "कालेजात घातली ती ह्येच शिकाया?" आणि ते हात धुऊन बाहेर गेले.

मला त्या क्षणी वाटले, की सरांचा तो शब्द मी घरात आणायलाच नको होता. आमच्याजवळ होते काय? एक फोटो आणि एक कथा. त्यातली कथा मी काढून घेतली. ज्यांच्या वाड्यांत फोटोंच्या भिंतीच्या भिंती आहेत, त्यांची एखादी कथा खोटी ठरली तर त्यांचे काय जाणार आहे? आमचे सगळेच गेले. "सत्य" हा शब्द निबंधात लिहायला सोपा आहे. जेवणाच्या ताटापाशी तो जड जातो.

पण आजी तिथेच बसली होती. ती पणजोबांची सून. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आगं, त्यो हात कशावर टेकलाय म्हणालीस?"

"हँडलवर," मी म्हणाले. मोटार सुरू करायचा हँडल. मॉडेल टीला तो पुढे रेडिएटरखाली कायम लोंबतच असे.

"कंच्या हातानं धरलाय?"

मी पाहिले. डाव्या.

"मामंजींचा उजवा हात मनगटात वाकडा हुता," आजी म्हणाली. "भाकरीसुदिक डाव्या हातानं मोडायचे. तालमीत मोडला म्हणायचे समदे. पर मामंजी सोता कदी तसं बोलले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन एस. टी. स्टँडमागच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी जुन्या ट्रकांना आणि जीपना आयुष्यभर हँडल मारलेले. त्यांनी हवेत हात फिरवून दाखवले. हँडल डाव्या हाताने धरायचा, अंगठा पलीकडून न वळवता चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा आणि खालून वर ओढायचा. का? तर इंजिन उलटे फिरले तर हँडल झटका मारतो. उजव्या हाताने, मुठीत घट्ट धरून वरून दाबणाऱ्याचे मनगट जाते. मॉडेल टीमध्ये चक्राखाली ठिणगीचा दांडा असे. हँडल मारण्यापूर्वी तो दांडा मागे घ्यावा लागे. आत बसलेला माणूस ते विसरला, तर हाड मोडे ते बाहेर उभ्या असलेल्याचे. हे इतके नेहमीचे होते, की मनगटाजवळच्या एका मोडीला डॉक्टरांच्या पुस्तकात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारवाल्याची मोड, असे नाव आहे. कॅडिलॅकने १९१२ च्या मोटारींना विजेचा स्टार्टर दिला आणि हळूहळू हे दुखणे कमी झाले. पण स्वस्त मोटारींवर आणि थंडीच्या सकाळी हँडल पुढे कित्येक वर्षे फिरतच राहिला.

आता कोणी विचारील, की फोटो उलटा छापला गेला असेल तर? मग डावा हात उजवा होईल आणि माझे सगळे तर्कशास्त्र कोसळेल. हा प्रश्न मलाही पडला. जुन्या काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली, तर असे होते. पण खुर्चीवरच्या गृहस्थाच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर आली आहे, पुरुषांच्या कोटाची असते तशीच, आणि मोटारीचे चक्रही उजव्या बाजूला आहे. दोन्ही साक्षी जुळतात. फोटो सरळ आहे.

मोडलेला उजवा हात आणि हँडलवरचा डावा हात यांवरून पणजोबांचे मनगट त्याच मोटारीने मोडले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तालमीतही मोडले असेल. पण एवढे नक्की, की हँडल कोणत्या हाताने धरायचा हे त्या माणसाला ठाऊक होते. फोटो काढण्यासाठी म्हणून ते तिथे सहज येऊन उभे राहिलेले नव्हते. आणि झेंडूची माळ? ती दसऱ्याची असावी. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो आणि जो तो आपल्या हत्याराजवळ उभा राहतो. मालक खुर्चीत, चालक चक्राजवळ आणि माझे पणजोबा हँडलजवळ. ते उगाच कडेला ढकलले गेले होते असे मी इतकी वर्षे समजत होते. ते त्यांच्या जागी उभे होते.

यावर माझ्या एका मैत्रिणीने आक्षेप घेतला. ती म्हणाली, "एवढा खटाटोप करून शेवटी मिळाले काय? महाराजांचा चालक होता त्याचा किन्नर झाला." दुसरा आक्षेप आमच्या नात्यातल्या एका काकांचा. त्यांच्या मते मुलीच्या जातीने मोटारींच्या भानगडीत पडू नये. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट नोंदवले खरे, पण ती मोटार लांबच्या रस्त्यावर चालते हे जगाला दाखवले ते त्याच्या बायकोने. बेर्टा बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरएक किलोमीटर, मोटारीने गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली आणि इंधन एका औषधाच्या दुकानातून घेतले. तेव्हा मोटारीच्या भानगडीत बायका पहिल्यापासूनच आहेत. काकांना हे मी अद्याप सांगितलेले नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र मी गंभीरपणे देते, कारण माझे मत तेच आहे. खोट्या मोठेपणाने आपल्याला वाटते तसे काही मिळत नाही. उलट, खरे होते तेही जाते. आम्ही शंभर वर्षे महाराजांचे आणि रोल्स-राइसचे नाव घेत राहिलो. त्या नावांपुढे पणजोबांचा वाकडा हात कोणाला दिसलाच नाही. त्यांनी थंडीत पहाटे उठून ती मोटार कशी जागी केली असेल, टायर पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला बसून काय केले असेल, हे कोणी विचारले नाही. आमच्या कथेत थाट महाराजांचा होता, मोटार इंग्रजांची होती आणि आमचा माणूस केवळ शेजारी उभा होता. आता मोटार साधी झाली, मालक अनोळखी झाला आणि आमचा माणूस मात्र प्रथमच स्पष्ट दिसू लागला.

ही गोष्ट आमच्या एका घराची नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्याच्या आधी पंचवीस-तीस वर्षे आपल्याकडचे रस्ते खाजगी मोटारींनी जोडले होते. त्या मोटारींना हँडल मारणारे, पाणी घालणारे, टपावर ओझी चढवणारे लोक कोण होते? त्यांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत? जुन्या फोटोंच्या पुस्तकांत खुर्चीवरच्यांची नावे "डावीकडून उजवीकडे" छापलेली असतात. उभ्या असलेल्यांच्या वाट्याला "इतर" येतात. अलीकडे हौशी लोक मोटारीचेही नाव, साल आणि मॉडेल हुडकून काढतात आणि ते चांगलेच आहे. पण मोटारीला नाव मिळावे आणि तिला हँडल मारणाऱ्याला मिळू नये, हे काही बरोबर नाही. मोटार ओळखणे हे माणूस ओळखण्याचे साधन व्हावे, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी बहुतेक जण खेड्यांतून आलेले आहेत. प्रत्येकाच्या घरी, मावशीच्या घरी, आजोळी एखादा तरी असा फोटो असेल. तो काढून आणू नये, त्याची नीट प्रत काढावी. मोटार, सायकल, शिवणयंत्र, रेडिओ, जे दिसेल त्यावरून "याआधी नाही" ही मर्यादा ठरवावी. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून फोटोतल्या प्रत्येकाचे नाव विचारून लिहून घ्यावे, कडेच्या माणसापासून सुरुवात करून. मोटारीचे साल पुढच्या वर्षीही शोधता येईल. मोटार कुठे पळून जात नाही. ती नावे सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत. आमच्या फोटोतले चक्राजवळचे गृहस्थ कोण, हे सांगू शकणारे गावात आज कोणीही उरलेले नाही. मी दहा वर्षे उशिरा आले.

वडिलांविषयी राहिले. ते दोन दिवस माझ्याशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मिस्त्रींनी सांगितलेले डाव्या हाताचे आणि अंगठ्याचे सांगितले. आमच्या विहिरीवर पूर्वी डिझेलचे इंजिन होते आणि ते वडीलच हँडल मारून सुरू करत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपला डावा हात उगाच उघडून-मिटून पाहिला. "अंगठा आत घेतला तर जातोच," ते म्हणाले. "मला माज्या बापानं शिकीवलं. त्याला कुनी शिकीवलं आसंल?"

संध्याकाळी त्यांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, मागचा फुगलेला पुठ्ठा काढून नवा घातला आणि त्यावर पेन्सिलीने पणजोबांचे पूर्ण नाव लिहिले. त्याखाली काय लिहायचे म्हणून माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "फोर्ड मॉडेल टी. १९२३ नंतर." त्यांनी ते लिहिले. मग थोडा विचार करून स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ घातली: "हँडल यांच्या हातात."